तोळ्यापासून मिलिलिटरपर्यंत

अफू विकणं हा आमच्या औरंगाबाद शहरात एकेकाळी उघडा धंदा होता. भिंतीला परवाना टांगलेला, गल्ल्याजवळ तराजू, गिऱ्हाईक दिवसाढवळ्या. माझे आजोबा शहागंजातल्या अशा एका दुकानावर हिशेब लिहायला होते. पुढं मी फार्मसी शिकलो आणि औरंगपुऱ्याजवळ मेडिकल टाकलं, तेव्हा ते ऐंशीच्या पुढं गेले होते. काठी टेकत दुकान बघायला आले, सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "अफू ठेवतोस का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग कसलं रे औषधाचं दुकान!"

यात थट्टा नव्हती. त्यांच्या डोक्यात अफू म्हणजे जुलाब, खोकला, संधिवात आणि झोप या चारही दुखण्यांवरचा माल. निजामाच्या राज्यात दारू, ताडी, गांजा, अफू हे सगळं आबकारी खात्याकडं. विक्रीचा हक्क हराजात जायचा. ज्याची बोली मोठी त्याला गुत्ता मिळायचा, आणि तो गुत्तेदार आपल्या हाताखाली दुकानं चालवायचा. (रस्ते-पूल बांधणाऱ्यांना मराठवाड्यात अजून गुत्तेदारच म्हणतात. हिशेबाची पद्धतही फारशी बदललेली दिसत नाही.) माल माळव्याकडून यायचा. विक्री तोळ्यावर. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. आणि गरीब गिऱ्हाईक गुंजांतच बोलायचं. पैसे निजामाच्या हाली सिक्क्यात. आजोबांच्या वहीत तारीख फसली सनाची, पुढं वजन आणि रक्कम. नावाचा रकाना नव्हता. कोण घेतंय याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हतं. किती खपलं, एवढंच बघायचं होतं.

घ्यायचं कोण? आजोबा सांगायचे ती यादी मला पाठ आहे. छावणीतले पेन्शनीत निघालेले शिपाई. गुडघे धरलेले म्हातारे. कसुंब्याची रीत पाळणारी काही मारवाडी आणि रजपूत घरं, जिथं पाहुण्यासमोर अफूचं पाणी ठेवणं हा मान होता. आणि बाया. बाया स्वतःसाठी घेत नसत, बाळासाठी घेत. शहरात १८८९ मध्ये सूत काढायची आणि कापड विणायची मिल उभी राहिली, सातशेच्या आसपास माणसं तिथं कामाला लागली. १९०० मध्ये गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली आणि कापसाची ये-जा वाढली. दिवसभर कामाला जाणाऱ्या आईनं तान्ह्याचं काय करायचं? राईएवढी गोळी दिली की ते संध्याकाळपर्यंत निजून राही. मुंबईच्या गिरणीकामगार बायांची पाहणी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बार्न्स या सरकारी डॉक्टर बाईंनी केली होती. कारखान्यात जाणाऱ्या आयांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते, असं त्यांनी लिहून ठेवलं. औरंगाबादचा असा आकडा कुणी काढला नाही. पण वेचणीच्या दिवसांत शेताच्या बांधावर झोळीत निजलेली पोरं माझ्या आईच्या पिढीनं पाहिलेली आहेत, आणि ती कशानं निजत हे तिला ठाऊक होतं.

ओढून प्यायची अफू वेगळी. चंडू, मदक ही बदनाम माणसांची गोष्ट. चंडूखान्यात जाणाऱ्याला घरची मुलगी कुणी देत नसे. पण गोळी खाणारा कामावर जायचा, चार लोकांत बसायचा. १८९३ साली लंडनच्या पार्लमेंटच्या रेट्यानं शाही अफू आयोग नेमला गेला, लॉर्ड ब्रासींच्या अध्यक्षतेखाली तो हिंदुस्थानभर फिरला, शेकडो साक्षी घेतल्या आणि याच कारणानं १८९५ मध्ये बंदीची गरज नाही असं म्हणून मोकळा झाला. महसुलाचा आकडा समोर असताना आयोग दुसरं काय म्हणणार होता, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला होता. माझं मत असं की साक्षीदार सगळेच खोटं बोलत नव्हते. नेमाची, मोजलेली, तोंडानं घेतलेली अफू माणसाला बांधून ठेवते, पण चटकन मारत नाही. ही गोष्ट पुढं सत्तर वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये नव्यानं सापडायची होती.

अर्थात सरकारच्या हातानं रोज सकाळी मोजून दिलेला पेला माणसाला मारूही शकतो. ज्याच्या नावावर आमच्या शहराचं नाव साडेतीनशे वर्षं चाललं आणि जो इथून पंचवीस किलोमीटरवर खुलताबादेत मातीत आहे, त्या औरंगजेबाच्याच कारकिर्दीतला हा दाखला. दारा शुकोहचा मुलगा सुलेमान शुकोह १६६१ च्या जानेवारीत साखळदंडात दिल्लीच्या दरबारात उभा केला गेला. फ्रेंच वैद्य बर्निये तिथं हजर होता. त्यानं लिहिलंय की पोराची एकच विनवणी होती : मला पोस्त पाजणार असाल तर आत्ताच मारून टाका. पोस्त म्हणजे अफूची बोंडं कुटून रात्रभर पाण्यात भिजत ठेवायची आणि सकाळी ते पाणी मोठ्या पेल्यातून कैद्याला द्यायचं. पेला रिकामा होईस्तोवर अन्न नाही. महिन्यामहिन्यानं माणूस झिजतो, बुद्धी जाते, नुसता बसून राहतो आणि एक दिवस जातो. बादशहानं वचन दिलं की पाजणार नाही. सुलेमान ग्वाल्हेरच्या किल्ल्यात गेला आणि १६६२ मध्ये मेला. वचन पाळलं गेलं नाही, असंच लोक समजून चालले. मी फार्मसिस्ट आहे, इतिहासकार नाही. मला त्या गोष्टीत भिडतो तो मापाचा प्रश्न. बोंड तेच, वेळ तीच, हातही सरकारचाच. पेला कशासाठी भरला जातोय, एवढ्यावर सगळं ठरतं.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. पुढच्याच वर्षी अखिल भारतीय अफू परिषदेनं ठरवलं की औषधाखेरीज होणारा अफूचा वापर दहा वर्षांत संपवायचा. दरसाल पुरवठा दहा टक्क्यांनी कमी, आणि ३१ मार्च १९५९ नंतर दुकान बंद. ज्यांचं अफूवाचून चालणारच नाही अशांना डॉक्टरी तपासणीवर परमिट. मधल्या काळात १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये मुंबईचा दारूबंदी कायदा आमच्याकडं लागू झाला. कागदावर ही योजना फार समंजस दिसते आणि काही अंशी होतीही. आजोबांची तक्रार वेगळी होती. ते म्हणायचे, दहा टक्के कमी झाले ते दुकानाचे, माणसाचे नाही. दुकानात माल कमी आला की जो सकाळी लवकर यायचा, ज्याच्या खिशात चार पैसे जास्त असायचे, त्याला पूर्वीइतकंच मिळायचं. म्हातारा उशिरा आला की त्याला एकदम काहीच नाही. परमिटसाठी डॉक्टरसमोर उभं राहायची कित्येकांना लाज वाटली. काही दारूकडं वळले. काहींनी अंथरूण धरलं, हगवण लागली, आणि घरच्यांनी ते वयावर घातलं.

त्यानंतरची वीस-बावीस वर्षं आमच्या धंद्यात शांततेची. मग मुंबईतून गर्द आली.

१९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या शेवटी रशियन फौजा अफगाणिस्तानात घुसल्या, आणि पश्चिमेकडं जाणारा माल कराचीमार्गे मुंबईकडं वळला. ब्राउन शुगर, मराठीत गर्द. हेरॉइन मुळात बायर कंपनीनं १८९८ मध्ये खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलेलं, हे आमच्या अभ्यासक्रमात होतं; ते रस्त्यावर पुडीत मिळेल हे अभ्यासक्रमात नव्हतं. १९८५ च्या नोव्हेंबरात एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा लागू झाला. त्यातल्या मोठ्या गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा होती, आणि २००१ च्या दुरुस्तीपर्यंत किलोवाला आणि तोळेवाला यांच्यात कायदा फारसा फरक करत नव्हता. व्यापाऱ्याच्या दृष्टीनं बघा : शिक्षा तीच असेल तर माणूस बोजड माल कशाला वाहील? अफूचं बोचकं कुणीकडं, पुडी कुणीकडं.

त्या दिवसांत अनिल अवचटांनी मुंबईच्या रस्त्यांवर फिरून गर्दवर लिहिलं आणि मराठी मध्यमवर्गाला पहिल्यांदा कळलं की ही आपल्याही पोरांची गोष्ट आहे. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये देऊ केले. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं. आमच्या शहरातूनही कितीतरी घरांनी रात्रीची एसटी पकडून पोरगा तिथं नेलेला आहे. बरा झालेला माणूसच नव्याला हात देतो, बायको आणि आई यांनाही उपचारात धरतात, हे त्यांनी महाराष्ट्राला शिकवलं. त्यांच्यामुळं आपल्याकडं 'व्यसनमुक्ती'चा अर्थ ठरला : पूर्ण सोडणं. तो अर्थ चांगला आहे. पण ज्याला सोडणं जमत नाही, किंवा आठव्यांदा सोडून आठव्यांदा धरलंय, त्यानं उद्या सकाळपर्यंत जिवंत कसं राहायचं, याचं उत्तर त्या शब्दात मावत नव्हतं. आणि तेवढ्यात सुई आली.

सुईबद्दल मी जरा सविस्तर बोलणार, कारण हा माझ्या गल्ल्यावरचा विषय आहे. मी दुकान टाकलं तेव्हा डॉक्टर काचेची सिरिंज वापरत. स्टोव्हवर पातेल्यात उकळायची, चिमट्यानं काढायची, सुई बोथट झाली की दगडावर घासायची. प्लॅस्टिकची, एकदाच वापरून फेकायची सिरिंज सर्रास झाली ती नंतर, आणि तिच्या प्रसारात एड्सच्या भीतीचा मोठा वाटा होता. पन्नीवर गर्द ओढणारा माणूस सुईकडं का वळतो? पुडी महाग झाली, भेसळ वाढली, धाडी पडल्या, की थोड्या मालात जास्त असर हवा असतो. दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथं नव्वदच्या आसपास लोक गर्द सोडून मेडिकलमधल्या मालावर आले. टिडिजेसिकचं, म्हणजे ब्युप्रेनॉर्फिनचं, इंजेक्शन, त्यात अ‍ॅव्हिल, त्यात काम्पोज. तिन्ही वस्तू माझ्यासारख्यांच्या फळीवरच्या. आणि सिरिंज एकच, चौघांत.

आमच्या धंद्यात तेव्हा दोन तट पडले. एक म्हणे, चिठ्ठीशिवाय सिरिंज देऊच नका, नशेला हातभार लागतो. दुसरा म्हणे, दीड-दोन रुपयांची वस्तू, द्या आणि विसरा. पहिला तट सभ्य वाटायचा आणि संघटनेच्या बैठकीत त्याच्याच टाळ्या जास्त वाजायच्या. पण स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गला हाच प्रयोग आधी होऊन गेला होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं पोलिसांनी सुया जप्त करायला घेतल्या आणि मोकळेपणानं सिरिंज विकणारं दुकान बंद झालं. नशा थांबली नाही. एकेका सुईवर वीस-वीस माणसं आली. रॉय रॉबर्टसन या तिथल्या डॉक्टरनं आपल्या दवाखान्यातले साठवलेले रक्ताचे नमुने तपासून घेतले आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध केलं की सुई घेणाऱ्यांतले निम्मे एचआयव्हीबाधित आहेत. आपल्या देशात हेच मणिपुरात झालं, आणखी झपाट्यानं. १९८९ च्या शरदात तिथं सुई घेणाऱ्यांत लागण सापडत नव्हती. १९९० च्या मध्याला ती निम्म्यांत होती. विषाणू गर्दमध्ये नसतो, अफूत नसतो. तो सिरिंजच्या नळीत मागं राहिलेल्या थेंबात असतो. हेपटायटिस सी तर त्याहून चिवट. सामाईक चमचा आणि कापूस त्याला पुरतो.

मुंबईत एल्ड्रेड टेलिस यांनी १९९५ मध्ये संकल्प ही संस्था काढली आणि रस्त्यावर जाऊन सुया बदलून द्यायला सुरुवात केली. जुनी द्या, नवी घ्या. शिव्या भरपूर खाल्ल्या असणार. सुई घेऊन निघालेला कार्यकर्ता पोलिसाच्या नजरेत नशेखोराचा साथीदारच. हा प्रश्न कायद्यानं सुटायला फार वेळ लागला : २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या २२ व्या कलमात लिहिलं गेलं की लागण टाळण्यासाठी केलेलं असं काम गुन्हा नाही, आणि तो कायदा अमलात आला सप्टेंबर २०१८ मध्ये.

सुई बदलणं हा अर्धा उपाय. उरलेला अर्धा म्हणजे सुईची गरजच पडू न देणं. त्यासाठीचं एक औषध म्हणजे मेथाडोन. ते जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर होएक्स्टच्या प्रयोगशाळेत बनलं, वेदनाशामक म्हणून. त्याला अफूचं बोंड लागत नाही, ते पूर्ण रासायनिक. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वॉंडर या दोघांनी १९६४ मध्ये ते हेरॉइनच्या रुग्णांना रोज तोंडावाटे द्यायला घेतलं आणि पुढच्या वर्षी निष्कर्ष छापले. डोल चयापचयाचा अभ्यासक, निस्वॉंडर मनोविकारतज्ज्ञ. मॉर्फिनवर ठेवलेला रुग्ण दिवसभर पुढच्या डोसाची वाट बघत घड्याळाकडं डोळे लावून बसायचा. मेथाडोनवर आला की तोच माणूस शाळेचा फॉर्म मागू लागला, चित्रं काढू लागला. कारण सरळ आहे. हेरॉइनचा अंमल चार-सहा तासांत उतरतो, मग दिवसात तीन-चार वेळा धावपळ, चोरी, सुई. मेथाडोन हळू चढतं आणि चोवीस तास टिकतं. झिंग नाही, तळमळही नाही. २०१२ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांची बेरीज करून निघालं की अशा उपचारावर असलेल्यांत एचआयव्हीची नवी लागण ५४ टक्क्यांनी कमी होते. हाँगकाँगनं सत्तरच्या दशकातच गल्लोगल्ली असे दवाखाने उघडले होते, आणि एड्स आला तेव्हा तिथल्या सुईवाल्यांत तो पसरलाच नाही म्हणावं इतका कमी राहिला.

आपण भारतात आधी ब्युप्रेनॉर्फिन घेतलं, जिभेखाली ठेवायची गोळी. तीच वस्तू इंजेक्शनमध्ये नशा, गोळीत उपचार. माप आणि वाट बदलली. दिल्लीत शरण संस्थेनं नव्वदच्या दशकात सुरुवात केली, २००८ च्या सुमारास नॅको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेनं ते आपल्या कार्यक्रमात घेतलं. मेथाडोन आलं ते २०१२ च्या आसपास, एम्सच्या देखरेखीत, मोजक्या सरकारी रुग्णालयांत. महाराष्ट्रातलं ठिकाण मुंबईचं केईएम. २०१५ मध्ये केंद्रानं मॉर्फिन, कोडीन यांच्यासोबत मेथाडोनलाही अत्यावश्यक मादक औषधांच्या यादीत घातलं, म्हणजे परवान्यांची कटकट कमी झाली. पद्धत अशी : सकाळी खिडकीशी यायचं, कार्ड दाखवायचं, पाच मिलिग्रॅमला एक मिलिलिटर या मापाचं सिरप परिचारिकेसमोर प्यायचं, वर पाणी प्यायचं, दोन शब्द बोलायचे. बोलायला लावतात ते औषध गालात धरून बाहेर विकू नये म्हणून. वहीत नाव, डोस, सही. आला नाही तर तेही. लागोपाठ काही दिवस चुकले तर डोस पुन्हा खालून चढवतात, कारण शरीराची सवय मोडलेली असते आणि जुन्या मापानं श्वास थांबू शकतो.

मी हे माझ्या एका समव्यवसायी मित्राला सांगितलं तेव्हा तो उसळला. "म्हणजे सरकारनंच नशा वाटायची?" मी म्हटलं, वाटत होतंच की, माझ्या आजोबांच्या वहीत हिशेब आहे; तेव्हा पैसे घेऊन वाटायचं आणि नाव विचारायचं नाही, आता पैसे घेत नाही आणि नाव विचारतं. तो अजून माझ्याशी सहमत नाही. त्याचं एक म्हणणं मला मान्य आहे : खिडकी उघडून समुपदेशक नेमला नाही, क्षयाची आणि रक्ताची तपासणी केली नाही, तर ते निव्वळ रांग लावणं आहे.

२०२० च्या मार्चअखेर, टाळेबंदीत, एक तिशीतला मुलगा दुकानात आला. आमच्याच भागातल्या शिंप्याचा मुलगा, मुंबईत डोंगरीला शिवणकाम करायचा. भाजीच्या ट्रकमधून आला होता. खिशात ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या. एरवी रोज समोर खायला लावतात, पण त्या दिवसांत नॅकोनं घरी न्यायला परवानगी दिली होती. "काका, ह्या संपल्या की इथं कुठं मिळतील?" नियम असा की दुखण्यासाठीची ०.२ मिलिग्रॅमची गोळी मी चिठ्ठीवर विकू शकतो. व्यसनावरची २ मिलिग्रॅमची फक्त नेमलेल्या केंद्रांना जाते, किरकोळ दुकानात येत नाही. त्याला उपचाराची गोळी देता येत नव्हती, आणि ती ज्याच्यावरचा उपचार होती तो माल मात्र त्याला शोधलं असतं तर मिळाला असता. गोळ्या तो अर्ध्या करून खात होता. एका मनोविकारतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी क्लोनिडिन, जुलाबासाठी लोपेरामाइड आणि अंगदुखीची गोळी लिहून दिली. त्यावर त्यानं दहा-बारा रात्री काढल्या. वाट मोकळी झाल्याबरोबर तो साडेतीनशे किलोमीटर मागं मुंबईला गेला, आणि त्याच्या अब्बांनी मला विचारलं की इथं चार पैसे कमी मिळाले तरी पोरगा राहिला असता ना. मी काही बोललो नाही. पोरगा एचआयव्ही निगेटिव्ह आहे आणि मशीन चालवतोय.

खरं तर आमच्या शहरात सुई कमीच. नॅकोच्या २०२१ च्या पाहणीत देशातल्या सुई घेणाऱ्यांत एचआयव्हीची लागण ९.०३ टक्के होती आणि एकूण प्रौढांत ०.२१, पण त्यातला मोठा वाटा पंजाब, दिल्ली आणि ईशान्येचा. मराठवाड्यात हा आजार हायवेवरून आला, सुईवरून नाही. इथली नशा म्हणजे बटन. नायट्राझेपामची झोपेची गोळी, रस्त्यावर तिचं नाव बटन. सोबत कोडीनचं खोकल्याचं औषध. दुकानात पोरं येतात, एक जण मोबाइलवर बोलल्यासारखं करतो, दुसरा खालच्या आवाजात म्हणतो, "काका, बटन है क्या?" २०१४ पासून या गोळ्या औषध नियमांच्या एच-वन परिशिष्टात आहेत. वेगळी वही, त्यात डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिली, आणि वही तीन वर्षं जपायची. आजोबांच्या वहीत नव्हता तो रकाना माझ्या वहीत आहे. पण बटन माझ्या वहीतून जात नाही, ते परराज्यातून बॅगेत येतं. वर्तमानपत्रात दर महिन्याला बातमी असते : इतक्या गोळ्या जप्त, इतके अटकेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर डीआरआय या केंद्राच्या महसूल गुप्तचर यंत्रणेनं शहरात आणि पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापे घालून कोकेन, मेफेड्रोन आणि केटामिनचा साठा धरला, किंमत शेकडो कोटींत. रसायनाचे पदवीधर, भट्ट्या, ड्रम, सगळं आपल्या एमआयडीसीत. तो माल आमच्या गल्लीतल्या पोरांसाठी नव्हता हे समाधान किती दिवस पुरेल, सांगता येत नाही.

बटनाला मेथाडोनसारखं सिरप नाही. आणि ते एकदम बंद करणं गर्द बंद करण्यापेक्षा धोक्याचं. गर्द सुटताना माणूस मेल्यासारखा होतो पण सहसा मरत नाही. या गोळ्या अचानक थांबल्या तर झटके येतात, आणि झटक्यात माणूस जातो. कोठडीत टाकलेल्या पोराला तिसऱ्या दिवशी आकडी आली तर ती मिरगी समजली जाते. उपाय आहे तो हळूहळू कमी करण्याचा, दर पंधरवड्याला दहावा हिस्सा वगैरे, म्हणजे १९४९ चंच गणित. फरक इतकाच की तेव्हा ते दुकानाला लावलं होतं, इथं एकेका माणसाला लावायचं असतं, आणि त्यासाठी तो माणूस कुणाच्या तरी नोंदीत असावा लागतो.

परवा जुन्या बाजारातली एक बाई आली. मुलगा एकोणिसाचा, बटनावर, रोजच्या दहा-दहा. मी म्हटलं, घाटीत, सरकारी रुग्णालयात, मनोविकारच्या ओपीडीला न्या, घरी एकदम बंद करू नका. तिनं विचारलं, तिथं सांगितलं तर पोलिसाला कळवतील का? मी सांगितलं, उपचाराला गेलेल्या माणसाला दवाखाना पकडून देत नसतो. आणि उद्या सेवनाची किंवा थोडा माल सापडल्याची केस झालीच, तर आपणहून उपचार घेणाऱ्यासाठी एनडीपीएस कायद्यात ६४-अ कलम आहे, १९८९ पासून आहे, वकिलाला ते दाखवा. उपचार अर्धवट टाकला तर ते संरक्षण काढून घेता येतं, हेही सांगितलं. तिला कलमाचा आकडा लक्षात राहीना. मी बिलाच्या मागं लिहून दिला, ओपीडीच्या वेळेसकट.